सूरब्रोटला अर्धा तास

कॉन्झेन, ७ मे २०१९

हेडविग,

आधी ‘प्रिय’ लिहायचं की नाही यात एक कागद फुकट गेला, म्हणून नुसतं नाव लिहितोय. राग मानू नकोस. मानलास तरी पुढे वाच.

फोन केला नाही, कारण फोन तू ठेवून देशील. पत्र फाडायचं तरी आधी उघडावं लागतं, आणि एकदा उघडलं की तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस. लहानपणी बाबांच्या कोटाच्या खिशातली पत्रंसुद्धा तू सोडली नाहीस. तुझं वायवर्ट्‌झ इथून सायकलीवर पंचवीस किलोमीटर, आणि हे पत्र मात्र आधी कोलोनला जाणार, मग अर्धा बेल्जियम हिंडून चौथ्या दिवशी तुझ्या दारात पडणार. असो.

मुद्द्याचं सांगतो. ट्राउडेनं दोघांची सायकल घेतलीय. दोन सिटा, चार पायडलं, खाली छोटी मोटर. पुढे ती बसते, मागे मी. गावातले हसतात, हसू देत. तुझ्या वहिनीला हुकूम सोडायला आवडतं आणि मला आता ऐकून घ्यायची सवय झालीय, म्हणून ही वाटणी. दुसरं काही कारण नाही.

आम्ही जातो ते आपल्याच रुळांवरून. म्हणजे आगगाडीचे रूळ कुठले आता, सायकलींची डांबरी वाट. बाबा सांभाळायचे त्या रेल्वे-फाटकापाशी बाक टाकलाय, तिथे हॉलंडची माणसं बसून केळी खातात. बाबा पाहुण्यांना सांगायचे ते आठवतं? “आमचं स्वयंपाकघर जर्मनीत, रूळ बेल्जियमचे आणि शेणखताचा ढीग परत जर्मनीत, बायको रागावली की मी दोन पावलांत परदेशी जातो.” अजून तसंच आहे. जमीन रुळांची म्हणून बेल्जियमची, आणि रूळच नाहीत.

तर माझ्या मनात असं आहे की या उन्हाळ्यात एक दिवस त्या वाटेनं तुझ्याकडे यावं. संध्याकाळी परत. तुझ्या दारात नको असेन तर अध्येमध्ये भेट. सूरब्रोटचं जुनं स्टेशन तुला जवळ पडतं. अर्धा तास दे. जास्त मागत नाही.

बाकी आम्ही ठीक. गाडी विकून टाकली, म्हातारपणी कशाला ती कटकट. अक्षर उतरत गेलंय ते पेनामुळे.

तुझा भाऊ (हे काही खोडता येत नाही),
लाम्बेर्ट


कॉन्झेन, २१ मे

हेडविग,

तुझं कार्ड आलं. पुढे तलावाचं चित्र, मागे एकच शब्द: “कशाला?” साडेबारा वर्षांनी एक शब्द! मी जरा फणफणलो, तर ट्राउडे म्हणाली, “तिनं शब्द तरी लिहिला. तिच्या जागी तू असतास तर तिकीटसुद्धा लावलं नसतंस.” बायको माझी, पण बाजू कायम तुझी.

कशाला म्हणतेस, तर तुला बघायला. खरंच एवढंच. तू कशी दिसतेस ते बघायचंय. चार वर्षांपूर्वी तुझा नवरा लिओ गेला, तेव्हा चर्चमध्ये त्याच्या मिसेला मी आलो होतो, तुला माहीत नाही. शेवटच्या बाकामागे उभा राहिलो आणि लोक उठायच्या आत निघालो. तुझी नुसती पाठ दिसली. काळा कोट आणि वर पांढरे केस. मला वाटलं, अरे, ही कोण म्हातारी? आणि मग आख्खा रस्ता मी रडत आलो. ट्राउडेला सांगितलं, सर्दी आहे.

आई गेली त्या वेळचं तुझ्या पोटात आहे, हे मला ठाऊक आहे. कसं नसेल? आपल्याकडे माणूस गेलं की त्याची स्मरणचिठ्ठी छापतात, ती मिसेला आलेला प्रत्येक माणूस घरी नेतो आणि प्रार्थनेच्या पुस्तकात जन्मभर ठेवतो. आईची चिठ्ठी आजही कॉन्झेनच्या घराघरांत आहे. आधी गेलेल्या कुणाकुणाच्या भेटीला आई गेली ते तिच्यात लिहिलंय: बाबा, पेटर काका, तिच्या दोन बहिणी. आणि तुझी वेरेना नाही. जिच्या थडग्यावर ठेवायला आई दर नोव्हेंबरला वायवर्ट्‌झपर्यंत दिवा घेऊन यायची, ती नात तेवढी नाही.

त्यावर मी तेव्हाच सांगितलं होतं की छापखान्याच्या म्हाताऱ्या पाल्मनं घोळ घातला. तो विषय झाला. पण नंतर कॉफीच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, तू पुन्हा विचारलंस तेव्हा मी जे बोललो, “अकरा दिवसांचं तर पोर होतं, बत्तीस वर्षं झाली, आता कशाला उकरतेस,” ते मी बोललो. मीच बोललो. ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा तुझ्या हातातला कप बशीवर वाजला. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस, आणि तुझं काही चुकलं नाही.

त्याबद्दल माफी मागतो. लिहून मागतो, आणि समोर येऊन पुन्हा मागेन.

लाम्बेर्ट


२ जून

(हे पत्र टाकायचं नाही. ड्रॉवरमध्ये.)

हेडविग, बये, मी तुला अजून खरं सांगत नाहीये. सवयच लागलीय.

चाळीस वर्षं मी पाटीच्या दगडाची छपरं घातली, एक कड कधी तिरकी गेली नाही. यंदा मार्चमध्ये समोरच्या एव्हाल्डनं नवं छप्पर घातलं. बघतो तर मधोमध पोक! मला राहवेना. सरळ रस्ता ओलांडून गेलो आणि त्याच्या कारागिराला शिडीवरून खाली बोलावून झापलं. बिचाऱ्यानं उलट उत्तर दिलं नाही, दोरी ताणून दाखवली. दोरीलाही पोक होता. मग मी आपल्या दाराकडे बघितलं, चर्चच्या मनोऱ्याकडे बघितलं. सगळं गावच वाकलेलं.

डोळ्यांची डॉक्टरीण म्हणाली, मधलं जाईल, कडेचं राहील. डावा गेल्यात जमा आहे. उजव्यात दर महिन्याला सुई टोचतात, तरी पुढच्या थंडीपर्यंत तोही त्याच वाटेनं जाणार. मजा अशी की मी ज्याच्याकडे बघतो तेच नेमकं पुसलं जातं. भोवतालचं सगळं जागच्या जागी. टेबलाकडे बघितलं तर टेबल नाही, खुर्च्या आहेत. ट्राउडेकडे बघितलं तर तिचं डोकं नाही, आवाज मात्र आहे. आता मी भिंतीकडे बघतो म्हणजे ती मला दिसते. म्हणून गाडी विकली, म्हणून मागच्या सीटवर बसतो. मला तुझा चेहरा बघायचाय, हेडविग, तो जायच्या आत. तू एकोणसत्तरची कशी दिसतेस हे मला माहीत नाही आणि यंदा बघितलं नाही तर कधीच कळणार नाही. भीती वाटते मला.

हे तुला का कळवत नाही? कारण मग तू येशील. नक्की येशील, सूप घेऊन येशील आणि आंधळ्या भावाला माफ करून टाकशील. तशी माफी मला नको.

आणि दुसरं. तेही इथेच लिहितो.

पाल्मनं काही गाळलं नाही. आई गेली त्या सकाळी स्वयंपाकघरात बसून चिठ्ठीचा मजकूर मीच लिहिला. कोण कोण आधी गेलं ते बोटांवर मोजलं. वेरेना मोजलीच नाही. तुला दुःख होईल म्हणून गाळली, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. छान वाटायचं. पण ते खोटं आहे. मी विसरलो. गाळलं असतं तर निदान आठवण तरी आली असती! पाल्मनं कच्चा कागद तपासायला पाठवला, त्यावर ‘ठीक’ लिहून सही केली. चर्चच्या दारात तू चिठ्ठी उघडलीस, तुझं बोट नावांवरून खाली गेलं, मग परत वर गेलं, पुन्हा खाली. तेव्हा मला आठवलं. आणि त्याच क्षणी तोंडातून निघालं, “हा पाल्म म्हणजे!”

तू दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन त्याला काय काय बोललीस ते मला नंतर कळलं. त्याच्याकडे माझ्या हातचा कागद होता. त्यानं तो काढून दाखवला नाही. महिन्यानं मला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, “शोकातल्या माणसांशी मी वाद घालत नाही, लाम्बेर्ट. पण तुम्ही तिला सांगा.” मी हो म्हणालो. तो जाऊन आता सहा वर्षं झाली.


कॉन्झेन, १८ जून

हेडविग,

शनिवार, २९ जून, अकरा वाजता, सूरब्रोटचं स्टेशन, अर्धा तास. वाचलं, समजलं, ट्राउडेनं कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलं.

“ट्राउडेला आणायचं असेल तरच ये,” हेही वाचलं. तिला न आणता मी येऊ कसा, हँडल तिच्या हातात आहे. “फ्लाडन मी आणते, तिच्या हातचा भात कच्चा राहतो,” हे मी तिला वाचून दाखवलं नाही. ते तिनंच मला वाचून दाखवलं. (चष्मा सापडत नव्हता.) आता घरात वातावरण तंग आहे. तरी फ्लाडन तूच आण, दुधातल्या गोड भातानं भरलेला. आईसारखा, वर साय करपलेली.

पाऊस असला तरी आम्ही येऊ. तुझ्या पाठीला बाकावर बसवत नाही असं लिहितेस, तर तुझं ते घडीचं स्टूल आण.

तुला एक सांगायचंय. तिथेच सांगेन. ऐकून तू उठून गेलीस तरी चालेल, पण ऐकून घे.

लाम्बेर्ट


कॉन्झेन, ३० जून

हेडविग,

ट्राउडे म्हणते, काल हेडविग तिथे होतीच, तिला तिचाच दिवस काय सांगतोस? पण तू माझ्यासमोर होतीस, माझ्या जागी नव्हतीस. म्हणून सांगतो. आता लपवायचं काही उरलं नाही, तेव्हा मी बोलतोय आणि ट्राउडे लिहितेय. (तो बोलेल तेच लिहितेय. भाताचं मी विसरलेले नाही. – ट्रा.)

आठ वाजता निघालो. ट्राउडे पुढून ओरडत होती: “दगड! कुत्रं! पोरं!” आणि मी मागून पायडल मारत होतो. तिला वाटतं मी मारत नाही. (मारत नव्हता.) राइखेनश्टाइनच्या पुलावर थांबलो, खाली नदीचा आवाज आला. काल्टरहेर्बर्गला घराएवढी उंच कुंपणं मला कडेकडेनं छान दिसली, हिरव्या भिंती नुसत्या. या वाटेला चढ कळत नाही, आगगाडीसाठी केलेला तो, फक्त मांड्यांना कळतो. तुला चोरट्या कॉफीवर झोपवून आई तुझी बाबागाडी इथूनच आणायची. जकातवाला वाकून म्हणायचा, काय गोड पोरगी! तू गोड नव्हतीस, खाली दोन किलो कॉफी टोचत असल्यामुळे सारखी रडायचीस. हे मी ट्राउडेला सांगत होतो आणि हसत होतो. पण एकदा तर म्हणालो, परत फिरूया. ती म्हणाली, “उतर आणि चालत जा. मी हेडविगकडे चाललेय.”

कडेचं जर्मनी कुठे संपलं ते कळलं नाही. मग दलदलीच्या माळाचा ओला वास यायला लागला, गवताची पांढरी, कापसासारखी बोंडं डोळ्यांच्या कडेनं सरकत होती, आणि ट्राउडे म्हणाली, “आलं.”

मला फलाटावर तू दिसलीस. उंच, बारीक, ताठ. मी हात वर करून म्हणालो, “हेडविग! अगं, किती वाळलीस!” आणि माझ्या मागून तुझा आवाज आला, “मी इकडे आहे. तो सिग्नलचा खांब आहे.”

तुला वाटलं मी चेष्टा करतोय. नेहमीची, वेळ मारून नेण्याची. तू हसली नाहीस.

मग आपण तुझी पाठ, आमची मोटर, उन्हाळा कसा आहे, हे सगळं बोललो. फ्लाडन आईसारखाच झाला होता. (बरा होता.) तू समोर स्टुलावर बसलीस, मी बाकावर, बाजूला स्टेशनचं कुंपण, आणि तू म्हणालीस, “वीस मिनिटं झाली. सांगायचं ते सांग.”

मी म्हणालो, “पाल्मनं नाही केलं ते. मी केलं.” आणि जसं झालं तसं सांगत गेलो. मोजलेली बोटं, ‘ठीक’ म्हणून केलेली सही. तू मध्येच म्हणालीस, “माझ्याकडे बघून बोल.”

मी बोलत राहिलो.

“माझ्याकडे बघ, लाम्बेर्ट! चर्चच्या दारातसुद्धा असाच भलतीकडे बघून बोलला होतास. आजही तेच? त्या कुंपणाशी बोलायला आलायस का इथवर?”

हेडविग, चर्चच्या दारात मी तोंड चुकवलं होतं. ते खरं. पण काल नाही. काल मी कुंपणाकडे बघत होतो, कारण तेव्हाच तू मला दिसत होतीस. कडेला, थोडी धूसर, पण होतीस. ज्यासाठी मी वीस किलोमीटर आलो तेच बघत होतो, बोलता बोलता चोरून. आणि तू म्हणालीस, इकडे बघ.

तुझा हक्कच होता तो. म्हणून मी मान वळवली आणि सरळ तुझ्याकडे बघितलं. तू गेलीस. गुडघ्यावरचे हात राहिले, फ्लाडन कापायची सुरी राहिली, डोक्यामागचं आभाळ राहिलं. त्या रिकाम्या जागेला मी म्हणालो, “मुद्दाम नाही गाळली. मी विसरलो, हेडविग. तुझी मुलगी मी विसरलो.”

 तुझ्या चेहऱ्यावर काय चाललं होतं हे ट्राउडेला माहीत आहे, मला नाही. मी तिला घरून बजावून आणलं होतं की डोळ्यांचं काढायचं नाही. पण तिच्या पोटात काही राहतंय का? (साडेतीन महिने राहिलं होतं. पुरे झालं.) ती म्हणाली, “हेडविग, तू सरळ समोर असलीस की याला दिसत नाहीस. मधलं जातंय त्याचं. आत्ता तू सांगितलंस म्हणून तो तुझ्याकडे बघतोय, आणि तू त्याला दिसत नाहीयेस.”

तू उठलीस. खडीवर पावलं वाजली, लांब गेली. मला वाटलं, संपलं. अर्ध्या तासातली पाच मिनिटं बाकी होती, तीही गेली. मी सायकलीकडे निघालो तर ट्राउडेनं बाही धरून खाली बसवलं. सायकलवाल्यांचा एक तांडा घंटा वाजवत गेला. मग पावलं परत आली.

“पाल्मला मी त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, आळशी म्हातारा म्हणाले,” तू म्हणालीस. “त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, मला वाईट वाटतं, बाई. आता त्याला कुठे जाऊन सांगू?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“मलाही नाही. ते तुझ्यामुळे माझ्या डोक्यावर बसलं, हे लक्षात ठेव.”

“हो.”

“तिचं नाव घे.”

“वेरेना.”

“तुझ्या तोंडून मी हे कधी ऐकलंच नाही. पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. पुन्हा घे.”

मी पुन्हा घेतलं. घेताना मला कळलं की ते नाव माझ्या जिभेला ठाऊकच नव्हतं. मला फार लाज वाटली, हेडविग. लिही ट्राउडे, फार.

“आणि डोळे गेले म्हणून माफ-बिफ करणार नाही मी,” तू म्हणालीस. “भलत्या आशेवर राहू नकोस. तू मेलास की तुझी चिठ्ठी मीच लिहिणार आहे. सगळ्यांची नावं घालीन आणि तुझंच गाळीन.”

आधी ट्राउडे हसली. मग मला आवरेना. मग तुझ्या नाकातून तो आवाज आला, मिसेमध्ये हसू आलं की यायचा तो, ज्यासाठी आई तुला चिमटा काढायची. साडेबारा वर्षं मी तो ऐकला नव्हता.

अर्धा तास कधीच होऊन गेला होता. तुझ्या हातात घड्याळ होतं आणि तू त्याच्याकडे बघितलं नाहीस. स्टूल उचललंस आणि जकातवाल्यानं दटावावं तशा आवाजात विचारलंस, “कुठे बसू, म्हणजे दिसेन?”

मी मान परत कुंपणाकडे वळवली आणि म्हणालो, “डावीकडे.” तू सरकलीस. “अजून थोडी.” सरकलीस. तुझी पाठ दुखत असणार, दर वेळी उठायचं, स्टूल हलवायचं, बसायचं. “आता?” “अजून एक वीत.” “आता?”

“आता आलीस,” मी म्हणालो.

नाक आईचं झालंय तुझं. गाल बसलेत, भुवया मात्र तशाच, भांडायला तयार. हनुवटीला साय लागली होती आणि डोळ्यांतलं पाणी तू पुसत नव्हतीस, कारण पुसायला हात वर केला असता तर चेहरा झाकला असता. मी कुंपणाकडे बघत राहिलो, पोटभर बघत राहिलो, आणि तू जागची हलली नाहीस.

तुझा
लाम्बेर्ट